फुलाचा खरा रंग कोणता? घरातील छायाचित्रणात पार्श्वभूमीचे गणित

पावसाळ्याच्या सकाळी गॅलरीतल्या कुंडीत गोकर्णाचे गडद निळे फूल उमललेले असते. मोबाइलवर त्याचे छायाचित्र टिपले, की पडद्यावर ते अनेकदा जांभळट उतरते. तेच फूल खोलीत आणून पिवळ्या कागदापुढे धरले, तर डोळ्यांना ते अधिकच निळे भासते. निळ्या कागदापुढे धरले, तर त्याचे तेज उणावल्यासारखे वाटते. फूल एकच, देठही तोच. बदलला तो फक्त मागचा कागद. बागेतील फुले घरात आणून रंगीत पार्श्वभूमीवर टिपण्याच्या छंदातील आनंद आणि अडचण, दोन्हींचे मूळ या साध्या अनुभवात आहे.

महानगरांतील सदनिकांमध्ये बाग म्हणजे गॅलरीतील आठ-दहा कुंड्या. मागे लोखंडी जाळी, दोरीवर वाळणारे कपडे, समोरच्या इमारतीची भिंत. अशा ठिकाणी फूल कितीही देखणे असले, तरी छायाचित्रात त्याच्याभोवतीचा पसारा आधी नजरेत भरतो. त्यात वारा आणि पाऊस. जवळून टिपताना फूल अर्धा सेंटिमीटर हलले, तरी चित्र अस्पष्ट होते. खोलीत मात्र वारा नसतो, प्रकाशाची दिशा ठरवता येते आणि फुलामागे काय असावे, हे आपल्या हाती असते. ही शेवटची सोयच सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत फसवीही आहे. पार्श्वभूमीचा रंग पाहणाऱ्याच्या डोळ्यावर परिणाम करतो, कॅमेऱ्याच्या हिशेबावर करतो आणि प्रत्यक्ष पाकळीवर पडणाऱ्या प्रकाशावरही करतो. हे तीन परिणाम वेगळे ओळखता आले, तर चित्र देखणे होते आणि फुलाशी प्रामाणिकही राहते.

कोऱ्या कागदाची परंपरा

फुलाला त्याच्या परिसरातून उचलून साध्या पृष्ठभागावर मांडण्याची रीत छायाचित्रणापेक्षा जुनी आहे. मुघल बादशहा जहांगीर १६२० मध्ये काश्मीरला गेला, तेव्हा त्याचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने तेथील शंभरहून अधिक फुलांची चित्रे काढल्याचे जहांगीरच्या आत्मचरित्रात नमूद आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात मलबारचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याच्या पुढाकाराने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध झाला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापल्या गेलेल्या या ग्रंथातील वनस्पती कोऱ्या कागदावर, मागे कोणतेही दृश्य न दाखवता रेखाटलेल्या आहेत. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्रही त्यात छापलेले आहे. या पद्धतीत कोरा कागद ही शोभेची बाब नव्हती. पान कसे, फूल कसे, देठ कुठे फुटतो, हे वाचकाला निःसंदिग्ध दिसावे, हा त्यामागचा हेतू होता.

छायाचित्रणाने हीच वाट पुढे नेली. फ्रान्समधील कापडावरील नक्षीचे आरेखक ॲडॉल्फ ब्रॉन यांनी १८५०च्या दशकात फुलांची सुमारे तीनशे छायाचित्रे टिपली. कापड आणि भिंतीवरील कागदाची नक्षी करणाऱ्यांना नमुना म्हणून ती उपयोगी पडावीत, अशी त्यांची कल्पना होती. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात ती मांडली गेली. जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने, साध्या पुठ्ठ्यापुढे ठेवलेल्या कळ्या, वेली आणि देठ अनेक पटींनी मोठे करून टिपले. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’ हे पुस्तक आजही अभ्यासले जाते.

ही सर्व छायाचित्रे एकरंगी होती. त्यामुळे पार्श्वभूमीचा प्रश्न फक्त फिकट की गडद, एवढाच होता. १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंची ‘ऑटोक्रोम’ ही रंगीत काच बाजारात आली. नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगात रंगवलेल्या बटाट्याच्या स्टार्चचे सूक्ष्म कण या काचेवर पसरलेले असत. रंगीत छायाचित्रण सामान्य छंदिष्टाच्या आवाक्यात येऊ लागले, तशी पार्श्वभूमीही रंगीत झाली आणि तिच्याबरोबर एक नवा पेचही आला.

रंगाचा शेजार

या पेचाचे शास्त्र मात्र आधीच लिहून ठेवलेले होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्हरल यांच्याकडे १८२४ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेतील रंगाईची जबाबदारी आली. तेथील काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. शेव्हरल यांनी तपासणी केली, तेव्हा काळ्या रंगात दोष आढळला नाही. तो धागा ज्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला जात होता, त्या शेजारामुळे तो दुबळा भासत होता. या निरीक्षणातून त्यांनी रंगांच्या एककालिक विरोधाचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये त्यावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला.

नियम सोपा आहे. दोन रंग शेजारी आले, की डोळा त्यांच्यातील फरक वाढवून पाहतो. गडद रंगापुढे फिकट रंग अधिक उजळ दिसतो. प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतो. लाल कागदावर ठेवलेला राखाडी तुकडा किंचित हिरवट भासतो. निळ्या कागदावरील पांढरी तगर किंचित पिवळसर वाटते. जोसेफ आल्बर्स यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ या पुस्तकात रंगीत कागदांच्या सोप्या प्रयोगांतून हेच दाखवून दिले.

फुलांच्या छायाचित्रकाराला या नियमाचा थेट उपयोग होतो. झेंडूचा केशरी रंग गडद निळ्यापुढे पेटून उठतो. गोकर्णाचा निळा पिवळ्यापुढे खुलतो. जास्वंदीचा लाल गडद हिरव्यापुढे ठसठशीत दिसतो. झाडावरही त्याच्यामागे हिरवी पानेच असतात. पांढरा मोगरा किंवा अनंत पांढऱ्यापुढे हरवतो, तर करड्या निळ्या किंवा गर्द हिरव्या रंगापुढे त्याची प्रत्येक कड स्पष्ट होते. विरोधी रंगांची जोडी नेहमीच हवी असे नाही. पिवळ्या शेवंतीमागे नारिंगी, गुलाबी गुलाबामागे फिकट जांभळा असे जवळचे रंग ठेवले, तर चित्र शांत होते आणि नजर पाकळ्यांच्या रचनेकडे वळते.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. पार्श्वभूमीचा रंग फुलापेक्षा अधिक तेजस्वी असेल, तर नजर आधी तिकडे जाते. झगझगीत गुलाबी कागदापुढे अबोलीचा नाजूक केशरी टिकत नाही. म्हणून मागचा रंग फुलाहून थोडा मंद किंवा थोडा गडद असणे बहुधा हिताचे ठरते.

कॅमेरा कुठे फसतो

डोळ्याची ही फसगत निसर्गदत्त आहे. कॅमेऱ्याची फसगत हिशेबाची आहे आणि ती नेमक्या रंगीत पार्श्वभूमीवरच अधिक होते.

प्रकाशाचा स्वतःचाही रंग असतो. जुन्या पद्धतीच्या बल्बचा प्रकाश पिवळसर, तर सावलीतील आकाशाचा निळसर. डोळा हा फरक सहज सांभाळून घेतो. कॅमेऱ्यात त्यासाठी ‘व्हाइट बॅलन्स’ची सोय असते. ती स्वयंचलित असेल, तर कॅमेरा समोरच्या दृश्यातील रंगांवरून प्रकाशाचा रंग ओळखण्याचा प्रयत्न करतो. चौकटीचा मोठा भाग पिवळ्या कागदाने व्यापलेला असेल, तर प्रकाशच पिवळा आहे असा त्याचा समज होऊ शकतो आणि तो चित्रात निळा मिसळतो. पार्श्वभूमी मळते आणि फुलाचा रंग बदलतो. निळ्या कागदापुढे याच्या उलट घडते आणि पांढऱ्या फुलावर पिवळी झाक येते. मागचा कागद बदलताच फुलाचाही रंग चित्रात बदललेला दिसतो, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

उपाय अगदी साधा आहे. फुलाच्या जागी, त्याच प्रकाशात, छायाचित्रणासाठी मिळणारे राखाडी कार्ड धरावे, त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवावा आणि मग तो बदलू देऊ नये. कार्ड नसेल, तर निळसर चमक नसलेला साधा पांढरा कागदही बराच उपयोगी पडतो. मोबाइलमधील ‘प्रो’ पर्यायात ही सोय बहुधा असते. ती नसल्यास सुरुवातीला कार्डासह एक छायाचित्र घेऊन ठेवावे. नंतर संगणकावर किंवा मोबाइलवरच त्याच्या आधारे सर्व चित्रांचा रंग दुरुस्त करता येतो.

दुसरी फसगत उजेडाच्या मोजमापाची आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, असे गृहीत धरून चालतो. काळ्या मखमलीपुढे पांढरी तगर ठेवली, तर तो काळ्याला राखाडी करू पाहतो. परिणामी तगर इतकी उजळते, की पाकळीवरच्या शिरा आणि पोत पुसला जातो. पांढऱ्या कागदापुढे हाच मापक उजेड कमी करतो आणि शुभ्र फूल मळकट होते. त्यामुळे गडद पार्श्वभूमीवर एक्स्पोजर थोडे कमी आणि फिकट पार्श्वभूमीवर थोडे अधिक ठेवावे लागते. मोबाइलच्या पडद्यावर फुलावर बोट दाबून धरले, की बहुतेक उपकरणांत केंद्रबिंदू आणि उजेड स्थिर होतो. मग बोट वर-खाली सरकवून उजेड हवा तसा करता येतो.

तिसरा परिणाम भ्रमाचा नाही. तो प्रत्यक्ष आहे. रंगीत कागदावर पडलेला प्रकाश त्या रंगाचा होऊन परततो आणि जवळच्या पाकळीवर पडतो. निळा कागद तगरीला चिकटून असेल, तर पाकळीची सावलीतील कड खरोखरच निळसर होते. शेव्हरल यांच्या नियमानुसार तीच तगर निळ्या कागदापुढे डोळ्याला पिवळसर भासायला हवी. म्हणजे डोळ्याची चूक एका दिशेला आणि परावर्तित प्रकाशाचा परिणाम बरोबर उलट दिशेला. कॅमेऱ्याने स्वतःहून केलेली रंगदुरुस्ती ही त्यात तिसरी भर. छायाचित्रात फुलाचा रंग ‘बिघडला’ असे म्हणताना या तिघांपैकी कोणाचा दोष, हे शोधल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही.

लाल जास्वंद, निळे गोकर्ण

काही फुले कॅमेऱ्याची परीक्षाच पाहतात. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या संवेदकावर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची सूक्ष्म जाळी असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत निम्म्या जागा हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात. गर्द लाल जास्वंदीकडून येणारा बहुतेक प्रकाश फक्त लाल जागांवर नोंदला जातो. एकूण सरासरी योग्य दिसत असतानाच या लाल जागा काठोकाठ भरतात आणि पाकळीवरच्या सुरकुत्या नाहीशा होऊन एक सपाट लाल डाग उरतो. एक्स्पोजर एका टप्प्याने कमी करून पाहणे, हा त्यावरचा खात्रीचा मार्ग आहे. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे स्वतंत्र आलेख दिसत असतील, तर लाल आलेख उजव्या टोकाला आदळत नाही ना, हे पाहावे.

निळ्या-जांभळ्या फुलांचे कारण वेगळे आहे. मानवी डोळ्याला लाल रंगाच्या पलीकडील टोकाचा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. काही निळी फुले मात्र तो प्रकाश भरपूर परावर्तित करतात. रंगीत फिल्मच्या काळात अजेराटमसारखी निळी फुले गुलाबी उतरत, म्हणून या प्रकाराला त्याच फुलाचे नाव मिळाले. डिजिटल कॅमेऱ्यात असा प्रकाश अडवणारी गाळणी असते. तरीही संवेदकाची रंगांची जाण डोळ्यासारखी तंतोतंत नसते. शिवाय काही गर्द निळे-जांभळे रंग साध्या पडद्यावर दाखवताच येत नाहीत. अशा फुलांच्या बाबतीत फूल समोर असतानाच पडद्याशी ताडून पाहणे आणि लगेच दुरुस्ती करणे श्रेयस्कर. दुसऱ्या दिवशी फूल उरत नाही आणि स्मरणातला रंग भरवशाचा नसतो.

खिडकीचा प्रकाश

घरातील सर्वांत चांगला दिवा म्हणजे खिडकी. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीतून मऊ, एकसारखा प्रकाश मिळतो. छायाचित्रणाच्या पाश्चात्त्य पुस्तकांत त्यासाठी उत्तरेची खिडकी सुचवली जाते. भारतात हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील प्रदेशात वर्षातील काही आठवडे दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. मुंबईत साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, तर चेन्नईत त्याहून अधिक काळ ही स्थिती असते. दिल्लीत दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. परंतु उन्हाळ्यात तो ईशान्येला उगवून वायव्येला मावळत असल्याने सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही तिरपे ऊन येऊ शकते. त्यामुळे खिडकी दिशेवरून निवडण्यापेक्षा त्या वेळी तिच्यात ऊन आहे की नाही, हे पाहूनच निवडावी. ऊन असेल, तर काचेवर ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरा पडदा लावला, की काम भागते. पडदा रंगीत असेल, तर तो बाजूला करावा. त्याचा रंग फुलावर उतरतो.

प्रकाश एका बाजूने येऊ द्यावा. त्यामुळे पाकळ्यांना उठाव मिळतो. दुसऱ्या बाजूची सावली फार गडद वाटली, तर तेथे थर्माकोलचा पांढरा तुकडा किंवा कोरा पुठ्ठा उभा करावा. खोलीतील दिवे बंद ठेवावेत. खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळसर प्रकाश एकत्र आला, तर फुलाच्या दोन बाजू दोन रंगांच्या होतात आणि कोणताही एक व्हाइट बॅलन्स दोघांना पुरत नाही. रात्री दिव्याखालीच काम करायचे असेल, तर एकाच प्रकारचे दिवे वापरावेत. काही एलईडी दिवे वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्‌झ वारंवारितेमुळे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. त्यामुळे चित्रात पट्टे दिसू लागल्यास शटरचा वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवून पाहावा. आणि पंखा बंद करावा. घरातील फुलांची छायाचित्रे हलण्यामागे अनेकदा डोक्यावर फिरणारा पंखाच असतो.

कागद, कापड आणि अंतर

पार्श्वभूमीसाठी खर्च करावा लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे साधारण २२ × २८ इंचांचे कार्डशीट एका फुलासाठी पुरेसे असते. शाळेच्या हस्तकलेतील घोटीव कागदाचा रंग मोहक असला, तरी त्याच्या चकाकीमुळे मागे पांढरे डाग उमटतात. म्हणून खडबडीत, चमक नसलेला कागद निवडावा. कापडात सुती ओढणी, साधी साडी किंवा चादर चालते. फक्त ती इस्त्री करून ताणून लावावी. खणाच्या कापडावरील नक्षी किंवा पैठणीचा काठ मोहात पाडतो. परंतु स्पष्ट दिसणारी नक्षी फुलाशी स्पर्धा करते. कापड पुरेसे मागे गेले, की नक्षी विरघळून फक्त रंग उरतो आणि मग तीच साडी उत्तम पार्श्वभूमी होते.

अंतर हा येथील कळीचा मुद्दा आहे. फूल आणि कागद यांच्यात किमान दीड ते दोन फूट मोकळी जागा ठेवली, तर तीन गोष्टी एकाच वेळी साधतात. कागदाचा रंगीत प्रकाश पाकळीवर फारसा पोहोचत नाही, फुलाची सावली कागदावर पडत नाही आणि कागदाचा पोत धूसर होतो. शिवाय अंतराने रंगाची छटाही बदलता येते. कागद खिडकीपासून दूर नेला, की त्यावरचा उजेड कमी होतो आणि तोच निळा अधिक गडद उतरतो. लहान दिव्याच्या बाबतीत अंतर दुप्पट झाले, की प्रकाश एक चतुर्थांश होतो. एकाच कार्डशीटमधून आकाशी ते जवळजवळ काळपट निळ्यापर्यंत छटा मिळवता येतात, त्या अशा.

कॅमेऱ्यात मॅक्रो किंवा लांब पल्ल्याचे भिंग असेल, तर थोडे मागे राहून टिपणे चांगले. मोबाइलमध्येही रुंद भिंगाने फुलाला भिडण्यापेक्षा दुपटीने जवळ आणणारे भिंग वापरावे. पाकळ्यांचा आकार बिघडत नाही आणि मागे लहान कागदही पुरतो. पूर्ण फूल स्पष्ट हवे असेल, तर कॅमेऱ्याचे अ‍ॅपर्चर एफ ८ ते एफ ११ च्या आसपास ठेवावे. उजेड कमी पडल्यास शटर अर्धा सेकंद उघडे राहिले तरी बिघडत नाही. ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर मात्र हवा. मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवूनही हे साधते.

फुलाचे घड्याळ

घरात सर्व काही आपल्या हाती असले, तरी वेळ फुलाच्याच हाती असते. जास्वंद बहुधा एका दिवसाची सोबती. पारिजातक पहाटे गळतो आणि थोड्याच वेळात मलूल होतो. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलून पुढे गुलाबी आणि मग लाल होते. तिचा ‘खरा’ रंग विचारला, तर कोणत्या दिवसाचा, असा प्रतिप्रश्न करावा लागेल. घराघरांत ब्रह्मकमळ म्हणून ओळखले जाणारे निवडुंगकुळातील फूल रात्री उमलते आणि सकाळी मिटते. ते तोडण्याऐवजी कुंडीच घरात आणावी आणि पार्श्वभूमी, दिवा, कॅमेरा संध्याकाळीच मांडून ठेवावा. याउलट चिनी गुलाब उन्हातच फुलतो. तो खोलीच्या मंद उजेडात आणला, की पाकळ्या मिटू लागतात. त्याला भरदुपारी आणून काही मिनिटांत काम आटोपावे लागते.

तोडायचेच असेल, तर फूल सकाळी लवकर, धारदार कात्रीने, लांब देठासह तिरपे कापावे आणि लगेच पाण्यात ठेवावे. कापण्यापूर्वी मांडणी तयार असावी आणि नेमबाजीसाठी आधी एखादे कोमेजलेले फूल वापरावे. कण्हेर, कळलावी यांसारख्या विषारी फुलांना हात लावल्यावर हात धुवावेत आणि ती मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. हा छंद आपल्या कुंडीतील किंवा परवानगीने घेतलेल्या फुलांपुरताच राहावा, हेही तितकेच महत्त्वाचे. सार्वजनिक उद्यानातील फुले तोडणे गैर आहे आणि साताऱ्याजवळील कास पठारासारख्या जपलेल्या ठिकाणी त्यास मनाई आहे. तेथील फूल त्याच्या मातीवरच टिपावे.

एका फुलाची दोन चित्रे

आता सुरुवातीच्या गोकर्णाकडे पुन्हा पाहता येईल. सकाळी ऊन नसलेल्या खिडकीजवळ टेबल, त्यापासून दोन फूट मागे पिवळे कार्डशीट, दुसऱ्या बाजूला थर्माकोल. दिवे आणि पंखा बंद. प्रथम फुलाच्या जागी राखाडी कार्ड धरून व्हाइट बॅलन्स पक्का केला जातो. फूल बारीक तोंडाच्या बाटलीत ठेवून केंद्रबिंदू पाकळीच्या कडेवर आणि मधल्या फिकट ठिपक्यावर साधला जातो. पहिले चित्र घेऊन ते प्रत्यक्ष फुलाशेजारी धरून पाहिले जाते. निळा जांभळ्याकडे झुकला असेल, तर तो तेथेच दुरुस्त होतो. त्यानंतर पिवळ्याऐवजी हिरवे, मग करडे कार्ड लावून हीच कृती केली, तरी फुलाच्या रंगाची नोंद बदलत नाही. बदलतो तो फक्त पाहणाऱ्याला जाणवणारा भाव.

याच बैठकीत आणखी एक चित्र घेणे आवश्यक आहे. ते करड्या किंवा पांढऱ्या पार्श्वभूमीवर, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे. त्यात पान, फुलाची मागची बाजू, निदलपुंज आणि देठ दिसावा. वनस्पती ओळखण्यासाठी जाणकाराला याच गोष्टी लागतात. समोरून टिपलेली देखणी पाकळी एकटी बहुधा पुरत नाही. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्टसारख्या मंचांवर नागरिकांनी दिलेली छायाचित्रे अभ्यासासाठी वापरली जातात. तेथे चढवलेला रंग किंवा बदललेली पार्श्वभूमी दिशाभूल करू शकते. रोपांच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीतही हाच प्रश्न येतो. चित्रात निळा दिसलेला गुलाब पाहून पैसे मोजले जातात आणि कुंडीत मात्र फिकट जांभळी कळी उमलते. निसर्गतः खरा निळा गुलाब नसतोच, हे अशा वेळी लक्षात ठेवलेले बरे.

मोबाइलमधील संपादनाची साधने आता पार्श्वभूमी एका स्पर्शात बदलून देतात. सोय म्हणून ती वापरण्यात गैर काही नाही. पण कागदाने फुलावर टाकलेला प्रकाश, पाकळीच्या कडेची पारदर्शकता, केसाळ देठाभोवतीची उजळ रेषा या गोष्टी अशा बदलात सहसा हरवतात आणि फूल चिकटवल्यासारखे दिसते. नोंद म्हणून जपायचे चित्र तरी खऱ्या कागदापुढचे असावे.

गॅलरीतील कुंड्या कायमच्या नसतात. घरे बदलतात, बदल्या होतात, गावाहून आणलेली रोपे नव्या शहराच्या हवेत तग धरत नाहीत. माहेरच्या अंगणातून आणलेली अबोली किंवा आजोबांनी लावलेल्या जास्वंदीची फांदी पुढे कधी तरी केवळ चित्रातच उरते. त्या वेळी पार्श्वभूमी पिवळी होती की निळी, याला फारसे महत्त्व राहत नाही. फुलाचा रंग तोच होता ना, याला राहते. म्हणून बैठक संपल्यावर राखाडी कार्डाचे चित्रही पुसू नये. ते इतर चित्रांसोबत ठेवावे आणि त्याखाली फुलाचे नाव, गाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी.